मोना फँडी प्रकरण: बाटलीतलं भूत आणि पंचवीस लाखांची काठी

मलेशियातल्या मोना फँडीचं प्रकरण, म्हणजे १९९३ मध्ये एका मांत्रिक बाईने आमदाराचा खून केला ते, आपल्याकडे ज्यांना माहितीये त्यांनी ते बहुतेक युट्यूबवरच बघितलेलं असतं, मागे भीतीदायक म्युझिक, बाईचं हसू झूम करून दाखवलेलं, आणि शेवटी "मी मरणार नाही" असं मोठ्या अक्षरात. मी नोकरीनिमित्त चार वर्षं क्वालालंपूरला होतो, तिथे हे सगळं ऑफिसमधल्या मलय बायकांकडून जेवणाच्या सुट्टीत ऐकलं, आणि ऐकताना जाणवलं की त्या हे "काळ्या जादूने आमदार मारला" असं सांगतच नव्हत्या. त्यांचा राग वेगळाच होता. एक जण होती, तिला आम्ही सगळे काक म्हणायचो, म्हणजे ताई, ती म्हणाली की भूत पाळणारा माणूससुद्धा आपल्या बोटाचं रक्त देतो, या बाईने स्वतःचं काय दिलं? ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहितोय, आणि मधेच पाळीव भुतांकडेही वळणार आहे, कारण ती कशी चालतात हे कळल्याशिवाय या खुनातलं खरं फसवणं कळत नाही असं माझं ठाम मत झालंय.

आधी माणसं कोण ते. मेला तो मझलान इद्रिस, पहांग राज्याच्या विधानसभेत बातु तालाम मतदारसंघाचा आमदार, पक्ष अम्नो म्हणजे तेव्हाचा सत्ताधारी, नावापुढे दातुक हा मानाचा किताब. शिकलेला, वजनदार माणूस, अडाणी खेडूत वगैरे अजिबात नाही. मारणारे तिघं. मोना फँडी, खरं नाव नूर मझना इस्माईल, जन्म १९५६ चा, उत्तरेकडच्या पर्लिस राज्यातली. ती आधी पॉप गायिका होती, १९८७ मध्ये अल्बमही आला पण गाण्यात काही जम बसला नाही. मग नवरा मोहम्मद नूर अफांदी याच्याबरोबर तिने बोमोहचं काम सुरू केलं, आणि गाण्यात जे मिळालं नाही ते इथे मिळालं, म्हणजे पैसेवाली आणि राजकारणातली गिऱ्हाइकं दारात यायला लागली. तिसरा त्यांचा तरुण सहायक.

बोमोह म्हणजे काय ते इथेच सांगतो. आपल्याकडचा भगत, देवऋषी आणि झाडपाल्याचा वैद्य तिघांना एकत्र केलं तर साधारण बोमोह होतो. ताप उतरवणारा, हाड बसवणारा, हरवलेली वस्तू सांगणारा, फुलांच्या पाण्याने आंघोळ घालून अडलेलं लग्न जुळवणारा, लिंबं कापून आणि केमेन्यानचा धूर करून (आपला लोबानच म्हणा) लागलेलं उतरवणारा. बहुतेक बोमोह गावातले साधे म्हातारे असतात आणि पाच-दहा रिंगिट (तिथलं चलन), कोंबडी, पिवळा चिकट भात यावर समाधान मानतात. मलय लोक मुसलमान, त्यामुळे मंत्राची सुरुवात बिस्मिल्लाने होते, पण त्याला ते म्हणतात 'मांतेरा', अंगातल्या ताकदीला 'साक्ती', वशीकरणाला 'गुना-गुना'. हे शब्द कुठून गेलेत ते मराठी माणसाला सांगायला नको. इस्लाम येण्याआधीची शेकडो वर्षं त्या शब्दांत अजून बसलेली आहेत. तिथले मौलवी या सगळ्याला शिर्क म्हणतात, देवाच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं, आणि तरी लोक जातात, रात्री जातात, गाडी लांब लावून जातात.

आता भुतं. मलय भुतांचे दोन प्रकार मानले तर समजायला सोपं जातं, एक रानातली-पाण्यातली मोकळी, आणि दुसरी पाळलेली. पाळलेल्यांचा सगळा व्यवहार हिशोबाचा असतो.

पोलोंग घ्या. सेलांगोरमध्ये सरकारी नोकरीत असलेल्या वॉल्टर स्कीट या इंग्रजाने १९०० मध्ये ज्या नोंदी छापल्या त्यात याची कृती आहे, खून झालेल्या माणसाचं रक्त बाटलीत भरायचं, त्यावर सात दिवस किंवा पंधरवडाभर मंत्र म्हणायचे, मग आतून पक्ष्याच्या पिल्लांसारखी चिवचिव ऐकू यायला लागते. चिवचिव आली की मालकाने आपल्या बोटाला चीर देऊन ते बाटलीत घालायचं आणि आतल्याने ते चोखायचं. रोज. आकाराने पोलोंग करंगळीच्या पेरापेक्षा मोठा नसतो. तो ज्याच्यावर सोडला तो माणूस बडबडायला लागतो, कपडे फाडतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात. पोलोंगच्या पुढे चालतो पेलेसित, हा रातकिड्यासारखा किंवा नाकतोड्यासारखा, तो शेपटीकडून आत शिरतो आणि चिरचिर करून पोलोंगला बोलावतो. घराजवळ अवेळी रातकिडा ओरडला की जुन्या बायका दचकायच्या ते यामुळे.

आणि यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे उतारा. बोमोह धरलेल्या माणसाचा अंगठा दाबून विचारतो, तुझी आई कोण, तुझा बाप कोण? म्हणजे तुला पाळणारा कोण. आणि आजाऱ्याच्या तोंडून बारीक चिरक्या आवाजात उत्तर येतं, नाव येतं. खोटं नाव येऊ शकतं, शेजाऱ्याच्या वैरातून येऊ शकतं, आणि अशा नावांवरून कित्येक म्हाताऱ्या-कोताऱ्यांची आयुष्यं गावाने बरबाद केली असणार, आपल्याकडे डाकीण ठरवून बायकांना मारतात त्यापेक्षा ते काही वेगळं नाही. पण प्रश्न बघा काय आहे. "हे भूत खरं का" असं कुणी विचारत नाही, "याचा मालक कोण" असं विचारतात.

बाजांग हा उदमांजराच्या रूपातला, बांबूच्या नळीत ठेवायचा, अंडी आणि दूध द्यायचं, नाही दिलं तर मालकावरच उलटतो. हान्तु राया सगळ्यांत ताकदवान, मालकासारखंच हुबेहूब रूप घेऊन शेतात राबतो, पण त्याचा मालक धड मरू शकत नाही. वारस पाहिजे. कुणीतरी "मी घेतो" म्हटल्याशिवाय जीव जात नाही, म्हातारा महिनोन्महिने घरघर करत पडून राहतो, मग घरचे छपराचा एक तुकडा उचकटतात म्हणजे वाट मोकळी होते. असं वारशाने आलेलं भूत म्हणजे साका. मलय घरात "त्यांच्याकडे साका आहे" हे वाक्य आपल्याकडे "त्यांच्या घराण्यात काहीतरी आहे" म्हणतात त्याच हळू आवाजात म्हटलं जातं.

तोयोल मी स्वतः बघितला नाही पण त्याचा बंदोबस्त बघितलाय. काकच्या आईचं घर नग्री सेंबिलानमध्ये, ईदला आम्हाला तिथे बोलावलं होतं, आणि तिच्या आईने काहीतरी द्यायला कपाट उघडलं तेव्हा पैशांच्या डब्याशेजारी एका बशीत हिरवे मूग होते. आपण उसळीला भिजवतो तेच मूग, बाजूला हाताएवढा आरसा आणि दोन लसणाच्या पाकळ्या. मी विचारलं तेव्हा म्हातारी हसली नाही, सरळ सांगितलं की तोयोल म्हणजे मेलेल्या अर्भकाचं पाळलेलं भूत, टकलं, हिरवट, मालकासाठी चोऱ्या करतं, पण शेवटी ते मूलच आहे ना, मूग दिसले की खेळत बसतं, मोजत बसतं, पैसे विसरतं. आणि घेतलं तरी सगळं कधीच नेत नाही, थोडं घेतं थोडं ठेवतं. त्याच्या मालकिणीला त्याला अंगाचं रक्त पाजावं लागतं. हे सांगताना म्हातारीच्या तोंडावर त्या मालकिणीबद्दल राग कमी आणि कीव जास्त होती, मी ते विसरू शकत नाही, म्हणाली की असला पैसा घरात टिकत नाही आणि ती बाई सुकत जाते.

मी यातलं काही खरं मानत नाही, ते स्पष्ट लिहितो. पण या गोष्टींमध्ये एक पक्की बांधणी आहे. फुकटात काही मिळत नाही. किंमत मालकाच्या अंगातून जाते, दररोज जाते, घराण्याला पुरून उरते, आणि पकडला गेलास तर नाव सगळ्या गावात होतं. ऐकणाऱ्याला मोह पडावा म्हणून या गोष्टी सांगितलेल्याच नाहीत.

आता मोनाने मझलानना काय विकलं ते बघा. एक काठी आणि एक टोपी. तोंगकात आणि सोंगकोक. सांगितलं काय तर या वस्तू इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या आहेत, ज्याच्याकडे असतील त्याला कुणी हरवू शकत नाही. सुकार्नो काळी टोपी आणि हातात छोटी काठी याशिवाय क्वचितच दिसायचे, आणि त्या काठीत दैवी ताकद आहे ही समजूत इंडोनेशियात त्यांच्या हयातीपासून आहे, म्हणजे मोनाने हवेतून काही काढलं नाही, लोकांच्या मनात तयार असलेलंच उचललं. यात मला एक गोष्ट फार चटका लावते, याच सुकार्नोंनी १९६३ पासून दोन-तीन वर्षं "मलेशियाला चिरडा" म्हणत मोहीम चालवली होती, आणि तीस वर्षांनी मलेशियाच्याच सत्ताधारी पक्षाचा आमदार त्यांची काठी विकत घ्यायला निघाला. सत्तेची भूक लागली की काठी कुणाची ते बघायचं भान राहत नाही.

किंमत ठरली २५ लाख रिंगिट. त्यातले ५ लाख आगाऊ, आणि उरलेल्या २० लाखांसाठी जमिनीचे दहा दाखले तारण. हे परत एकदा वाचा. बोटाचं रक्त नाही, उपास नाही, स्मशानात रात्र काढणं नाही, वारसाला शाप नाही. डिपॉझिट आणि तारण, घराच्या कर्जासारखं. गिऱ्हाइकाने करायचं काय तर पैसे द्यायचे आणि डोळे मिटून पडायचं. काकला जो राग होता तो इथला होता. जुन्या गोष्टीत जादू करणारा स्वतः अडकायचा, इथे विकणारी पूर्ण मोकळी आणि घेणारा पूर्ण अडकलेला.

२ जुलै १९९३. मझलाननी क्वालालंपूरच्या एका बँकेतून ३ लाख रिंगिट काढले आणि त्याच रात्री ते राउब तालुक्यातल्या उलु दोंग भागात मोनाच्या घरी गेले. राउब हा जुना सोन्याच्या खाणींचा मुलूख, नावाचा अर्थच मुळी ओंजळीने उपसणं, लोक सांगतात की पूर्वी तिथे वाळूच्या प्रत्येक परातीमागे मूठभर सोनं निघायचं. घरी विधी सुरू झाला. शुद्धीची आंघोळ, फुलं, सगळं रीतसर, कुठल्याही बोमोहकडे होतं तसंच, आणि मला वाटतं त्यामुळेच त्यांना शंका आली नसणार, कारण फुलाच्या पाण्याची आंघोळ मलय माणसाने लहानपणापासून बघितलेली असते, आपल्याकडे कुणी नारळ उतरवून टाकायला सांगितला तर आपण जसे विचार न करता मान पुढे करतो तसं. मग त्यांना जमिनीवर झोपायला सांगितलं. डोळे मीट, आकाशातून पैसे पडतील, थांब.

ते थांबले. सहायकाने कुऱ्हाड मारली. पुढचं मी सविस्तर लिहिणार नाही, इंटरनेटवर हवं तेवढं आहे आणि त्या माणसाच्या मुलाबाळांनीही ते कधीतरी वाचलं असेल. एवढंच की देहाचे १८ तुकडे केले आणि घराजवळच्या एका स्टोअररूममध्ये खड्डा करून पुरले, वरून सिमेंट ओतलं.

त्यानंतर मोना क्वालालंपूरला खरेदी करत फिरली, मर्सिडीज घेतली, चेहऱ्यावर प्लास्टिक सर्जरी करून घेतली. आमदार बेपत्ता म्हणून बोंब झाली होतीच. सहायक दुसऱ्याच एका प्रकरणात पोलिसांच्या हातात सापडला आणि त्याच्याकडून धागा उसवत गेला, २२ जुलैला ते सिमेंट फोडलं. म्हणजे वीस दिवस. पोलोंगला विचारतात तोच प्रश्न पोलिसांनी विचारला, तुझा मालक कोण, आणि इथे नाव खरं आलं.

खटला तमर्लोहच्या हायकोर्टात चालला, सात जणांच्या ज्यूरीपुढे. मलेशियाने १ जानेवारी १९९५ पासून ज्यूरीची पद्धत बंद केली, हा खटला त्याआधीच सुरू झालेला, त्यामुळे ज्यूरीसमोर चाललेल्या तिथल्या शेवटच्या खटल्यांमधला हा एक. आणि आरोप कुठल्या कलमाखाली? तीनशे दोन. आपलंच. मलेशियाची दंडसंहिता हिंदुस्थानच्या दंडसंहितेवरून घेतलेली, त्यामुळे खुनाचं कलम तिथेही ३०२, आपल्याकडे जुलै २०२४ पासून ते बदललं पण तिथे अजून तेच आहे. यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे कोर्टाने जादू खरी की खोटी या भानगडीत पडायची गरजच नव्हती. कुऱ्हाड, खड्डा, सिमेंट, पैसे, जमिनीचे कागद. तिघांनी मिळून खून केला का, एवढाच प्रश्न. फेब्रुवारी १९९५ मध्ये तिघंही दोषी ठरले, फाशीची शिक्षा झाली, अपिलं वरपर्यंत गेली आणि शेवटचं १९९९ मध्ये फेटाळलं गेलं.

खटल्याच्या काळात ती रोज नवेनवे भडक कपडे घालून यायची, फोटोग्राफरांकडे बघून हसायची, माझे खूप चाहते आहेत असं दिसतंय म्हणायची. लोकांनी याचा अर्थ "तिच्यावर काहीतरी स्वार आहे" असा लावला. मला ते पटत नाही. मला त्यात ती गायिका दिसते जिला १९८७ मध्ये कॅमेरे मिळाले नाहीत. सैतान म्हणून टाकलं की तिचं काम सोपं होतं, कारण मग तिने वर्षानुवर्षं थंड डोक्याने गिऱ्हाइकं कशी जमवली, कुणाला किती आगाऊ मागायचे ते कसं ओळखलं, हे बघायचं राहूनच जातं.

आणि मझलान? त्यांना मूर्ख म्हणणारे खूप भेटतात, तिथेही आणि इथेही. मी म्हणणार नाही. राजकारणात तिकीट, पद, बढती कशाने मिळते हे आतल्या माणसालाही धड सांगता येत नाही, सगळं कुणाच्या तरी मर्जीवर, आणि आपल्या शेजारचा पुढे गेला की त्याच्यामागे कुणीतरी बोमोह असणार असं वाटायला लागतं. मग आपलाही हवा. तो गुप्त असतो म्हणून कुणाला विचारता येत नाही, दर बरोबर आहे का, ही बाई खरी का, आधीचं गिऱ्हाईक कुठे आहे, काही नाही. बायकोलाही सांगता येत नाही. ही गुप्तता हेच विकणाऱ्याचं सगळ्यात मोठं हत्यार, कुऱ्हाड नंतर येते.

"पैसे आकाशातून पडतील" हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला तो यासाठी की हे तर आपलं वाक्य आहे. पैशांचा पाऊस. विदर्भात, मराठवाड्यात, ठाण्यापर्यंत किती टोळ्या या नावाखाली पकडल्या गेल्या, रिंगण, लिंबू, कोऱ्या नोटांची पेटी, आणि डोळे मिटा. आपल्याकडे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला, तरी पाऊस पाडणारे थांबलेले नाहीत. मलेशियात बातु तालामला आणि इथे एखाद्या तालुक्याच्या गावाला माणूस एकाच वाक्यावर डोळे मिटतो, भाषा वेगळी, धर्म वेगळा, आणि मिटणाऱ्यांत शिकलेले कमी नसतात.

२ नोव्हेंबर २००१, शुक्रवार, काजांगच्या तुरुंगात पहाटे तिघांना फाशी दिलं. मोना तेव्हा ४५ वर्षांची. 'आकू ताक्कान माती', मी मरणार नाही, हे तिचे शब्द म्हणून सांगतात, आणि त्यावरून ती अजून कुठेतरी फिरते असं मानणारे आजही भेटतात. हान्तु रायाची गोष्ट माहीत असेल तर हे वाक्य असं का चिकटून राहिलं ते कळतं, ज्याने भूत पाळलं तो मरत नाही ना. पण तिच्याकडे कुठलं भूत होतं? काठी होती, टोपी होती, दहा जमिनींचे दाखले होते. कुणी वारस लागला नाही, कुणी छप्पर उचकटलं नाही, काजांगलाच तिला पुरलं.

काकने मला हे सगळं तीन-चार वेळा तरी सांगितलं असेल, दर वेळी एखादा तपशील वाढायचा. पण एक गोष्ट कधी बदलली नाही. मझलानचं नाव आलं की ती आधी 'आरवाह' म्हणायची, आपण कैलासवासी म्हणतो तसं, आणि एक क्षण थांबून ओठातल्या ओठात फातिहा म्हणायची, डबा समोर उघडाच. मोनाचं नाव तिने एकदाही घेतलं नाही, 'ती बाई' एवढंच.